लॉगमधलं मावशीचं नाव

मित्रांनो, माझ्या वयाचे लॅपटॉप आता कुणाच्या टेबलावर दिसत नाहीत. मी अकरा वर्षांचा आहे. झाकण उघडताना माझी बिजागरी करकरते, 'न'चे बटण दोनदा दाबावे लागते, आणि बॅटरी फुगली म्हणून काढून टाकल्यामुळे चार्जर निसटला की मी जागच्या जागी डोळे मिटतो, कान तेवढे उघडे राहतात. अशा म्हाताऱ्याची हकीकत ऐकायला तुम्ही बसलात, याचे मला बरे वाटते. पण आधीच सांगून ठेवतो, या हकीकतीत मी काही फार चांगला वागलेलो नाही. एका भल्या बाईवर मी संशय घेतला होता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या. एकीने माझ्यात पंखा बसवला, दुसरीने पडदा लावला, तिसरीने पाठीवरचे स्क्रू आवळून मला उताणा केला आणि पुढे सरकवले. मग खोके, अंधार, बरेच दिवसांचा प्रवास. खोके उघडले तेव्हा मी चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या ऑफिसात होतो. समोर एक गृहस्थ माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होते. "हे खोकं आधी कुणी उघडलं होतं का?" हे त्यांच्या तोंडचे पहिले वाक्य.

त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. नावाला जागणारा माणूस! पाणी प्यायला उठले तरी ते मला लॉक करून जायचे. माझ्या कॅमेऱ्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी काळी चिकटपट्टी लावली. दर सोमवारी पासवर्ड बदलायचे आणि तो टाइप करताना मागे भिंतीकडेसुद्धा एकदा वळून बघायचे. घरी जाताना दाराला कुलूप लावून झाल्यावर ते तीनदा ओढून पाहत. मी संशय घ्यायला त्यांच्याकडूनच शिकलो.

त्यांचे कामही तसेच होते. आमचे ऑफिस एका मोठ्या रुग्णालयासाठी परवानगी-सेवा चालवत असे. रुग्णालयात कुणी कोणताही कागद संगणकावर उघडायला गेले, की आधी आमच्या सेवेला विचारणा व्हायची: हा माणूस कोण? याला हा कागद पाहायची मुभा आहे का? आमची सेवा 'हो' किंवा 'नाही' म्हणायची आणि कुणी काय उघडले ते वेळेसकट लॉगमध्ये लिहून ठेवायची. काही रुग्णांच्या फाइली बंद फाइली असत. त्या उघडायचा अधिकार अगदी मोजक्या लोकांना.

आता ही खरी सेवा दूरच्या मोठ्या सर्व्हरवर चालते. तिच्यात बदल करून पाहायचा तर चालू गाडीचे चाक काढण्यासारखे होईल. म्हणून कारागीर तिचीच एक प्रत आपल्या टेबलावरच्या यंत्रात उभी करतो. खोटे रुग्ण, खोटे कर्मचारी, खोट्या फाइली. मोडले तर आपल्यापुरते मोडते. आमच्याकडे याला 'लोकल उभं करणं' म्हणत. काकांनी ते माझ्यात उभे केले होते, आणि नऊ वर्षे त्यांनी प्रत्येक बदल आधी माझ्यावर तपासला. "हा लॅपटॉप म्हणजे माझा उजवा हात आहे," असे ते एकदा साहेबांना म्हणाले. साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. त्या दिवशी माझा पंखा अंमळ जोरातच फिरला असावा.

काका निवृत्त होण्याच्या आठवड्यात रुग्णालयाची तक्रार आली, की सेवा फार हळू चालते, प्रत्येक क्लिकला थांबावे लागते. काकांनी माझ्यावर बसून एक युक्ती केली. एकदा 'हो' म्हटले की पाच मिनिटे पुन्हा विचारायचे नाही, मागचे उत्तर लक्षात ठेवायचे. त्या ओळी मी माझ्या पडद्यावर उमटताना पाहिल्या. काम झटकन हलके झाले. सगळ्यांनी वाहवा केली. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

काका गेले. जाताना नियमाप्रमाणे त्यांनी माझी डिस्क पुसली. मला एका कपाटात, बंद पडलेल्या टेबलफॅनशेजारी, गुंतलेल्या वायरींच्या ढिगावर ठेवण्यात आले. तिथे मी दोन वर्षे होतो. कपाटाचे दार उघडायचे तेव्हा आशा वाटायची. पण दर वेळी हात यायचा तो एखादी वायर ओढायला.

एके दिवशी मात्र तो हात माझ्याकडे आला. "हाच तो. जुनी सर्व्हिस नव्या मशीनवर उभीच राहत नाहीये, यावर बघते," असे म्हणत एका बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसले. त्या ऑफिसात नव्यानेच लागल्या होत्या आणि सगळे त्यांना नव्या मॅडम म्हणत.

भानगड अशी झाली होती. रुग्णालयातल्या एका सिस्टरची बंद फाइल कुणीतरी उघडली होती. तिने काही महिने मनाच्या आजारावर उपचार घेतले होते, ते सगळे त्या फाइलीत होते. दोन दिवसांत कुजबुज वॉर्डावॉर्डात पोचली, आणि वॉर्डप्रमुख म्हणून जाहीर होणार असलेले तिचे नाव मागे पडले. लॉग काढून पाहिला. दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी फाइल उघडली होती, आणि नाव होते अधिकार असलेल्या मोजक्यांतल्या एकीचे, नोंदणी विभागाच्या प्रमुख बाईंचे. त्या बाई म्हणत होत्या, की मी एक दहालाच जेवायला उठले. पण लॉगपुढे त्यांचे कोण ऐकणार? तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना सक्तीच्या रजेवर घरी बसवले होते. रुग्णालयाने आमच्या साहेबांना पत्र पाठवून विचारले होते, की तुमच्या सेवेत काही चूक तर नाही ना.

"चूक नाहीच आहे," साहेब नव्या मॅडमना म्हणाले. "काकांचं काम आहे ते. पण तपासलं असं लिहून द्यावं लागेल. एकदा लोकल उभं करा, चालवून बघा, आणि मोकळ्या व्हा."

बोलायला सोपे होते. पहिल्या दिवशी सेवा सुरूच होईना. सेटिंगची फाइल सापडत नाही, एवढेच ती सांगे. ती फाइल काकांनी सगळ्यांच्या हाती लागेल अशा ठिकाणी कधी ठेवलीच नव्हती. मॅडमनी ती अंदाजाने, ओळीमागून ओळ लिहून काढली. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली, पण आत कुणालाच घेईना. नव्या माणसाला परवानगी देण्यासाठी आधी परवानगी असलेला माणूस हवा, आणि माझ्या कोऱ्या डेटाबेसात तर एकही माणूस नव्हता. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"काका, तुम्ही स्वतःला तरी आत घेतलं होतंत का हो?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

पहिला माणूस आत घेण्याची बारीकशी वाट एका चाचणीच्या फाइलीत दडलेली होती. ती त्यांना तिसऱ्या दिवशी सापडली. काय केले, काय फसले, काय जमले, हे सगळे त्या एका निळ्या वहीत लिहीत होत्या. अशी वही काकांनी कधी ठेवली नव्हती. मला ते बरे वाटले नाही. घराचा नकाशा काढून ठेवणाऱ्या पाहुण्याकडे घरच्यांनी कसे बघावे, तसा मी त्यांच्याकडे बघत होतो.

त्यातच त्यांचा फोन माझ्या कानावर पडला. खोलीत दुसरे कुणी नव्हते, तरी त्या दबक्या आवाजात बोलत होत्या.

"जेवलीस का गं? थोडं तरी खा. नाही, ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. माझ्यावर सोड."

काय सांगितलेले नाही? काय सोडायचे? माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढे तर त्यांनी दोन खोटे कर्मचारी तयार केले. एकीचे नाव 'मावशी', तिला बंद फाइली उघडायची मुभा. दुसऱ्याचे नाव 'परका', त्याला मुभा नाही. 'परका' म्हणून आत शिरून त्या बंद फाइल उघडायला बघायच्या. सेवा 'नाही' म्हणायची. की पाटी कोरी व्हावी म्हणून मला बंद करून परत चालू करायच्या, पुन्हा बघायच्या. पुन्हा 'नाही'. दोन दिवस हेच. दर वेळी उत्तर बरोबर येत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. सेवा बरोबर चालली तर आनंद व्हायला हवा, नाही का? ह्या बाईला चूक सापडायलाच हवी आहे, हे मी ओळखले. आणि जिला चूक हवीच आहे, ती चूक करूनही ठेवील, असे मी मनाशी धरले.

शुक्रवारी त्यांना लवकर निघायचे होते. मला बंद करून चालू करायला सात-आठ मिनिटे लागतात, तेवढा धीर त्यांना नव्हता. त्यांनी 'मावशी' म्हणून एक फाइल उघडली, बाहेर पडल्या, आणि मला बंद न करता लगेच 'परका' म्हणून आत शिरल्या. बंद फाइलीवर क्लिक केले.

फाइल उघडली.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी लॉग काढला. फाइल उघडली होती 'परक्या'ने, पण लॉगमध्ये लिहिले होते, 'मावशी'. त्यांनी तसेच पुन्हा केले. पुन्हा 'मावशी'. तिसऱ्यांदाही 'मावशी'. त्या तोंडावर हात ठेवून बसल्या असतानाच मागे साहेब येऊन उभे राहिले. त्यांनी सगळे समजून घेतले, पडदा नीट वाचला, आणि विचारले, "बाकी ठीक आहे. ही मावशी कोण?"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझी मावशी. नोंदणी विभागातल्या त्या बाई माझ्या मावशी आहेत, सर. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर हे काम मला दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "अहो, रुग्णालयाला मी काय सांगू? आरोप जिच्यावर, तिच्या भाचीने आमच्या सेवेत चूक काढली? सेटिंग तुम्ही लिहिलेली, माणसं तुम्ही बनवलेली, लॅपटॉप तुमच्या हातात! कोण विश्वास ठेवेल?"

"तुम्ही ठेवता का, सर?"

साहेबांनी चार्जर काढला, मला आणि निळ्या वहीला उचलले आणि आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मी मनात म्हणालो, बरे झाले. शंका खरी ठरली.

सोमवारी कुलूपकाकांना बोलावणे गेले. "त्यांचा कुणावरच विश्वास नाही, त्यामुळे त्यांच्यावर सगळ्यांचा बसेल," असे साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते. काका काठी टेकत आले. दोन वर्षांत ते बरेच वाळले होते. मला पाहून त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला, आणि पुढच्याच क्षणी म्हणाले, "त्या मॅडमना या खोलीत येऊ देऊ नका. आणि हा आधी पूर्ण पुसून घेतो. तिचं काही यात नको."

मग ते स्वतः लोकल उभे करायला बसले. दीड तास गेला. सेटिंगची फाइल त्यांची त्यांनाच आठवेना. कुठला आकडा, कुठला पत्ता, कुठल्या क्रमाने, सारे विसरले होते. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "ती वही द्या जरा."

वहीतल्या प्रत्येक पायरीवर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. पायरी करून पाहिली, खरी ठरली, की प्रश्नचिन्ह खोडले. एके ठिकाणी "हे कशाला?" असे लिहिले आणि तासाभराने तेही खोडले. मंगळवारी दुपारपर्यंत वहीत एकही प्रश्नचिन्ह उरले नव्हते आणि सेवा माझ्यात चालू झाली होती. काकांनी स्वतःचे दोन खोटे कर्मचारी केले, 'अ' आणि 'ब'. 'अ' म्हणून फाइल उघडली. बाहेर पडले. 'ब' म्हणून आत शिरले आणि बंद फाइलीवर क्लिक केले.

उघडली. लॉगमध्ये नाव, 'अ'.

त्यांनी हे सहा वेळा केले. मग ते मूळ ओळी शोधू लागले. सावकाश खाली सरकत ते एका जागी थांबले. ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हे शेजारी नोंदलेले असते. तिथे त्यांचेच नाव होते, आणि तारीख निवृत्तीच्या आठवड्यातली. त्या ओळीत पाच मिनिटांचे 'हो' लक्षात ठेवले होते ते माणसाच्या नावावर नव्हे, तर मशीनच्या क्रमांकावर. त्या मशीनवर दुसरा माणूस येऊन बसला, तरी पाच मिनिटे सेवा त्याला पहिलाच समजत होती. त्याच्या अधिकाराने आत सोडत होती आणि त्याचेच नाव लॉगमध्ये लिहीत होती.

मित्रांनो, ती ओळ लिहिली गेली तेव्हा मी त्यांच्या बोटांखाली होतो. अख्ख्या ऑफिसावर संशय घेणारा मी, त्या हातांवर मात्र कधीच घेतला नव्हता.

"साहेब," काका म्हणाले, "मॅडमना आत बोलवा."

मॅडम येऊन दाराशीच उभ्या राहिल्या.

"ओळ माझी आहे," काका म्हणाले. "तुमची नाही, तुमच्या मावशीची नाही. माझी."

"तेव्हा एका मशीनवर एकच जण बसायचा, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "मशीनं कमी केली ती नंतर. आता एकावर दोघं बसतात."

"तुम्ही मला सांभाळून घेऊ नका. मी तपासली होती ही ओळ. पण एकट्याने बसून तपासली होती. दोघांची गोष्ट एकट्याला कशी कळणार?" त्यांनी वही दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरली. "ही नसती तर मला माझी चूक दिसलीसुद्धा नसती."

साहेब खुर्चीतून उठले. मग ते म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी तेव्हाच द्यायला हवं होतं. चुकलो."

पत्र त्याच दिवशी गेले, काका आणि मॅडम दोघांच्या सह्यांनी. रुग्णालयाने पाळ्यांचा तक्ता काढला. एक दहाला मावशी उठल्यावर त्याच मशीनवर दुपारच्या पाळीचा कारकून बसला होता. त्याला विचारले तर म्हणाला, "मशीनने उघडू दिली, म्हणून मला वाटलं परवानगी असेल." उघडली ते एक वेळ ठीक. वाचलेले चारचौघांत सांगायची परवानगी मात्र त्याला मशीननेही दिली नव्हती. मावशींना कामावर बोलावणे आले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्या आमच्या ऑफिसात आल्या. मी त्यांचे नाव इतक्यांदा लॉगमध्ये पाहिले होते, की कुणी धिप्पाड, धूर्त बाई असतील अशी माझी समजूत झाली होती. होत्या लहानखुऱ्या, पर्स पोटाशी घट्ट धरलेल्या. खुर्चीच्या कडेवर टेकून त्या भाचीला म्हणाल्या, "दाखव मला. कसं झालं ते मला बघायचंय."

भाचीने 'मावशी' आणि 'परका' माझ्यात पुन्हा तयार केले आणि त्यांच्याच हातून 'मावशी' म्हणून फाइल उघडवली. मग त्यांना उठवले आणि स्वतः त्या खुर्चीत बसून 'परका' म्हणून बंद फाइल उघडली. लॉग समोर आला. मावशींनी पडद्यावर बोट टेकवून आपले नाव वाचले. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"एकवीस दिवस घरी होते," त्या म्हणाल्या. "पहिले आठ दिवस मी सगळ्यांशी भांडले. मग मलाच वाटायला लागलं गं, की उघडली असेल मी. उघडली असेल आणि विसरले असेन. झोपेतून उठून एक दहा आणि एक बारा करत बसायचे."

नव्या मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने मावशींनी डोळे पुसले. "त्या सिस्टरला पण दाखवशील का हे? पत्र तिलाही गेलंय. पण जिन्यात भेटली तर अजून ती भिंतीकडे बघते. वाचून पटत नाही, बाई. बघावं लागतं."

सिस्टर गुरुवारी ड्यूटी संपल्यावर आल्या. गणवेशातच होत्या. मावशींशी एक शब्द न बोलता खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. आधी मावशी माझ्यापुढे बसल्या, फाइल उघडली, बाहेर पडल्या आणि खुर्ची रिकामी केली. "या, बसा," त्या म्हणाल्या. सिस्टर बसल्या. 'परका' म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटांनी क्लिक केले, आणि लॉगमध्ये आपण केलेल्या कामापुढे मावशींचे नाव उमटताना पाहिले. माझ्या बटणांवर त्यांची बोटे तशीच राहिली होती.

"मी तुमच्याबद्दल काय काय बोलले, ते तुम्हाला कळलं असेल," सिस्टर म्हणाल्या.

"कळलं."

"मग तरी मला का बोलावलंत?"

"तुमच्याबद्दलही लोक कागद वाचूनच बोलले ना," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कळेल असं वाटलं."

सिस्टर उठल्या. दोघी बरोबरच दाराकडे निघाल्या. मग जिना उतरतानाचा त्यांचा आवाज मला ऐकू आला. एकीच्या गुडघ्याची आणि दुसरीच्या पाठदुखीची चौकशी चालली होती.

ती चूक खऱ्या सेवेतून केव्हाच काढली गेली. माझ्यात मात्र ती जुनी प्रत तशीच ठेवली आहे. ऑफिसात नवा कुणी लागला, की नव्या मॅडम त्याला निळी वही आणि मला देतात, आणि शेजारी एकाला बसवतात. एकट्याने तपासायचे नाही, असा आता नियमच आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, वायरी जपून हाताळा, ते सगळे कराच. पण त्याहून एका गोष्टीची काळजी घ्या. तुम्ही काही उभे केलेत, तर ते कसे केलेत हे पाठच्या माणसासाठी लिहून ठेवा. आणि आमच्यासारख्या एखाद्याने पडद्यावर कुणाचे नाव दाखवले, तर त्या माणसाचे दार ठोठावण्याआधी आमच्यापुढे येऊन बसा. दोघे मिळून बसा. आम्हाला पुन्हा विचारा. आम्हाला राग येत नाही.